फुटला तो तुझा वाडगा नव्हता

दादा,

तुझा वाडगा सापडला.

परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे पांगले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आणि वहिनीनं हाताला धरून मला आतल्या खोलीत नेलं. तुझं लोखंडी कपाट उघडलं, शर्टांच्या घडीखालून जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आईची एखादी वस्तू असेल, तू माझ्यासाठी जपून ठेवलेली. टॉवेल सोडला तर आत वाडगा. एका बाजूला किंचित कललेली कड, बुडाला हिऱ्याच्या पेन्सिलीनं कोरलेलं 'बाय', तू मला मारायचास ती हाक. दोन वर्षं मी सगळ्या जगाला सांगत आले की दादानं दिलेला हा वाडगा फुटला आणि माझ्या पोरीचा, मयुरीचा, हात कापला. त्या वाडग्याला साधा चराही पडलेला नाही.

मी नुसती त्या कडेवरून बोट फिरवत बसले. मी, दादा! माझ्या तोंडाचा पट्टा बंद पडला असं तुला कुणी सांगितलं असतं तर तू पैज लावली असतीस.

तेव्हापासून मी तुझ्याशीच बोलतेय. भाजी निवडताना बोलते, कॉलेजात बीकर धुताना बोलते. काल ह्यांनी विचारलं, कुणाशी पुटपुटतेस? म्हटलं, भावाशी. ते बिचारे उठून गॅलरीत गेले. म्हणून आता वहीत लिहायला बसलेय. तुला पोचणार नाही हे कळतं मला, तेवढी मी वेडी झालेली नाही.

तू काच फुंकायचास असं सांगितलं की लोकांना बांगड्या नाहीतर झुंबरं आठवायची. मग मी समजावत बसायची की नाही हो, प्रयोगशाळेतली काच, आगीवर ठेवली तरी तडकत नाही ती. आपली जमीन तळोज्याच्या कारखान्यांत गेली, बदल्यात तुला नोकरी लागली. पहिलं वर्षभर तू तिथं झाडू मारलास आणि मग एका म्हाताऱ्या मास्तरांनी तुला काचेच्या खात्यात ओढलं. फ्लास्क, कंडेन्सर, नळ्यांचं जंजाळ, जे फुटेल ते तुझ्या टेबलावर यायचं आणि सांधून परत जायचं. मी नववीत असताना खंडेनवमीला तू मला तिथं घेऊन गेलास. बर्नरला झेंडूची माळ, लेथला हळदकुंकू, आणि तू जांभळा चष्मा लावून ज्योतीसमोर बसलेला. काचेची नळी आधी नारिंगी झाली, मग पाकासारखी मऊ पडली, आणि तू गाल फुगवून अशी हळूच फुंकर घातलीस की नळीच्या टोकाला लिंबाएवढा फुगा आला. मी हात पुढे केला तर तू एकदम ओरडलास. गरम काच नि थंड काच दिसायला एकच असते, हात लावायच्या आधी इचारायचं, म्हणालास. मला इतका राग आला होता, घरी येईपर्यंत बोलले नाही. सगळ्यांसमोर ओरडलास म्हणून.

पण त्या दिवसामुळेच मी शास्त्र शाखेला गेले. बारावीच्या प्रॅक्टिकलला बाकीच्या मुली ब्युरेट बघून घाबरल्या होत्या, आणि मला ती घरातल्या लाटण्यासारखी वाटत होती, कारण तू रविवारी ओटीवर बसून मला एकेका भांड्याचं नाव आणि गुण सांगितले होतेस. पनवेलच्या कॉलेजात लॅब अटेंडंटची जागा निघाली तेव्हा मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, फ्लास्क चांगल्या काचेचा आहे की साध्या, कसं ओळखणार? मी म्हटलं, तेलात बुडवून. चांगली काच तेलात दिसेनाशी होते, साधी तशीच दिसत राहते. समोरचे तिघे एकमेकांकडे बघायला लागले. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं एकानं विचारलं. म्हटलं, माझ्या भावाच्या. नोकरी लागली. तीस वर्षं झाली त्याला. तुला मी कधी त्याबद्दल नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, भावाला कोण म्हणतं?

पनवेलला लग्न होऊन आले नि माझी बोली बदलली, म्हणून तू मला किती छळलंस. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं. "हां, बोला मॅडम, आमी गावठी मान्सं." मी चिडायची. आपलं तर सगळंच भांडणावर चालायचं. चहा काचेच्या बीकरमध्ये उकळायचा की पातेल्यात, यावर आपण वीस वर्षं भांडलो. तू म्हणायचास, पातेल्यात काय चाललंय ते दिसत नाय, काचेत कसं समोर दिसतं, उकळी कुठून धरते ते. मी म्हणायची, चहा प्यायचाय की त्याचा तपास करायचाय? तू कधी माघार घेतली नाहीस. कुठल्याच भांडणात घेतली नाहीस. आपण बरोबर आहोत असं एकदा तुला वाटलं की तू मध्येच जेवण टाकून उठायचास आणि पुरावा घेऊन यायचास.

हे मी आधी आठवायला हवं होतं.

रिटायर झालास आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तू आपलं काम मांडलंस. कळंबोलीहून ऑक्सिजनची नळकांडी आणायचास, इकडच्या तिकडच्या कॉलेजांची फुटकी काच दुरुस्त करायचास. आमच्या कॉलेजचीसुद्धा. मान तुटलेले, पण कधी न वापरलेले मोठे फ्लास्क मिळाले की त्यांची बुडं कापून, कडा आगीवर गुळगुळीत करून तू वाडगे करायचास. मग भट्टीत ठेवून रात्रभर हळूहळू निवू द्यायचे. निवल्यावर दोन काळसर काचांच्या मध्ये धरून दिव्यासमोर बघायचे. आत कुठे ताण राहिला असेल तर तिथे रंग दिसतात, हे तूच मला दाखवलंस. रंग दिसला की वाडगा परत भट्टीत. सहा वाडगे तू मला दिलेस, सगळ्यांत मोठ्याच्या बुडाशी 'बाय' कोरलंस. ओव्हनमध्ये घाल, गॅसवर ठेव, काय होत नाय, म्हणालास. आणि खरंच काही झालं नाही. पाच वर्षं मी त्यात भात केला, खीर केली, मयुरीचे ते चीज घातलेले प्रकार केले.

आता मी जे लिहिणार आहे ते तुला माहीत आहे. मला परवापर्यंत माहीत नव्हतं, एवढाच फरक.

पनवेलला मैदानात प्रदर्शन भरलं होतं, तिथून मी काचेचा एक मोठा वाडगा आणला. तुझ्या मोठ्या वाडग्याच्याच मापाचा, मुद्दाम, म्हणजे झाकण दोन्हींना चाललं असतं. कशाला आणला, खरं सांगू? तुझ्या वाडग्याची कड जरा कललेली होती. ह्यांच्या ऑफिसातली माणसं जेवायला आली की ती कड मला टोचायची. घरी केलेलं दिसतंय, असं कुणी म्हणू नये म्हणून मी दुकानातला सरळ कडेचा आणला. तुला सांगितलं नाही. खोक्यावर लिहिलं होतं की ओव्हनमध्ये घालू नये, ते मी वाचलंही होतं, आणि खोकं रद्दीत टाकलं होतं. फ्रूट सॅलडपुरता वापरायचा, एवढं मनाशी ठरवलेलं होतं.

दिवाळीच्या आधीचा रविवार. ह्यांचा वाढदिवस, दुपारची वेळ, घाई. कपाटातून हाताला आला तो वाडगा घेतला, भाज्या आणि व्हाइट सॉस ओतला, ओव्हनमध्ये सारला. आणि काढल्यावर कुठे ठेवला? ओट्यावर. नुकत्याच ओल्या फडक्यानं पुसलेल्या ग्रॅनाइटवर. जी बाई तीस वर्षं पोरांना दिवसातून दहा वेळा सांगते की गरम काच ओल्यावर ठेवू नका, तिनं. मयुरीनं फडक्यात धरून तो स्वतःकडे सरकवला आणि तिच्या हातातच तो फुटला. एक मोठा तुकडा तिच्या उजव्या तळव्यात शिरला होता. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती हाताकडे बघत उभी राहिली.

तू गावाहून स्कूटरवर दवाखान्यात आलास तेव्हा तिला आत ऑपरेशनला नेलं होतं. तुला धाप लागली होती, एका पायात चप्पल वेगळी. तू विचारलंस, काय झालं, आणि मी तुझ्यावर तुटून पडले. सगळे होते तिथे. हे होते, माझे दीर-जावा होते, शेजारचे होते. मी म्हटलं, तुझ्या वाडग्यानं माझ्या पोरीचा हात कापला. तू म्हणालास, असं कसं होईल बाय, मी सोता बघितला होता दोन काचांतून, ताण नव्हता. तेव्हा मी म्हटलं, "तुझे हात थरथरतात आता. भट्टीत नीट ठेवला नसशील. घरातली तुझी एकूण एक काच उचलून ने, मला डोळ्यांसमोर नको."

काच फुंकणाऱ्याला यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही. हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी ते बोलले.

तू चावी मागितलीस, घर साफ करून ठेवतो म्हणालास. पोरगी घरी आल्यावर कुठे काच पायाला लागायला नको. दोन-तीन तासांनी परत आलास. मयुरी तेव्हा अजून शुद्धीवर आली नव्हती. तू माझ्या समोर येऊन उभा राहिलास, सगळ्यांसमोर, आणि म्हणालास, "माजंच चुकलं, बाय. ऱ्हायला असंल ताण. घाई केली मी."

मला तेव्हा काय वाटलं माहितीये? बरं झालं, एकदाचा कबूल झाला. माझा दादा, जो चहाच्या पातेल्यावरून वीस वर्षं हरला नाही, तो तीन तासांत हरून आला, आणि मला एकदाही प्रश्न पडला नाही की मधल्या वेळात असं काय झालं.

घरी आले तर ओटा लख्ख. फ्रिज हलवून त्याच्यामागचीसुद्धा काच तू वेचली होतीस, एक कण सापडला नाही. कपाटातले सगळे वाडगे गेलेले; प्रदर्शनातलाही तू त्यांच्याबरोबर नेला असशील, असं मी धरून चालले. आणि ओट्याच्या कोपऱ्यात वाटीत शेंगदाण्याचं तेल काढून ठेवलेलं. मी ते सिंकमध्ये ओतलं आणि तुझ्या नावानं बोटं मोडली, की या माणसाला अशा वेळी तळण सुचतं. तेल, दादा! मुलाखतीत ज्या उत्तरावर मला नोकरी लागली, ते उत्तर माझ्या ओट्यावर वाटीत भरून ठेवलेलं होतं, आणि मी वाटी घासून पालथी घातली.

मयुरीची मधली दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. मेंदीचा कोन त्या हातात धरता येत नाही. आठवतं ना, हळदीच्या आदल्या दिवशी गावोगावच्या नवऱ्या तिची वाट बघत बसायच्या? ते सगळं संपलं. आता ती खारघरला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिचा हात रोज डोळ्यांसमोर होता, आणि रोज मी मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या. कॉलेजात आमच्या सरांना सांगितलं की दुरुस्तीची काच आता बाहेर द्या, दादाचं काम पहिल्यासारखं राहिलं नाही. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. सख्खी बहीण सांगते म्हटल्यावर कोण शंका घेणार? वहिनी सांगत होती, त्यानंतर आणखी दोन कॉलेजांची कामं थांबली. लोक एकमेकांना विचारतात ना. तू शेडमध्ये जाऊन नुसता बसायचास म्हणे, बर्नर न पेटवता. मला तू याबद्दल एका शब्दानं विचारलं नाहीस.

भाऊबिजेला तू दोन्ही वर्षं आलास. मी ओवाळलं, कारण ओवाळायचं असतं. चहा स्टीलच्या पेल्यात दिला. मयुरी खोलीतून बाहेर आली नाही, तू तिला हाक मारली नाहीस. तुम्हाला मूलबाळ झालं नाही, ती तुझ्या खांद्यावर बसून वाढलेली. तू तिच्या बंद दाराकडे बघून पेला खाली ठेवलास आणि म्हणालास, येतो बाय. मी दारापर्यंतसुद्धा आले नाही.

मग तुझा खोकला, मग तो न्यूमोनिया, मग दवाखाना. मी एकदाच आले. तोंडावरचा मास्क बाजूला करून तू विचारलंस, "पोरीचा हात कसा हाय?" मी म्हटलं, "तसाच." आणि डबा वहिनीच्या हातात देऊन निघाले. चौथ्या दिवशी फोन आला. मी तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द 'तसाच' आहे, दादा. माझ्याकडे दुसरे किती शब्द होते.

वहिनीनं परवा सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी तू माझ्या कपाटातला हा अख्खा वाडगा टॉवेलात गुंडाळून घरी आणलास. फुटलेल्या तुकड्यांची पिशवी तिला दाखवलीस, कडेला हिरवट झाक असलेले तुकडे, आपली काच अशी नसते म्हणालास. तेलात तुकडा घातला तरी तो दिसत राहिला, म्हणजे फुटला तो बाजारचा वाडगा. वहिनी चिडली, मग जा की, सांगा तिच्या तोंडावर. तर तू तिला म्हणालास, "पोरगी रोज आयशीच्या समोर ऱ्हानार. तिला कललं की आयशीनंच चुकीचा वाडगा घातला, तर? माज्यावर राग धरतील तर धरू दे. मी काय त्यांच्या घरान ऱ्हातंय?" आणि तिला शपथ घातलीस. ती बाई दोन वर्षं माझ्यासमोर वाढत होती, वाढून घेत होती, आणि तोंडाला कुलूप लावून बसली होती. शपथ सुटली ती तू गेल्यावर. तरी मला म्हणाली, "आता ताई, ठेवा हे तुमच्याजवळच. पोरीला सांगू नका. त्यांची तीच इच्छा होती."

वाडगा पिशवीत घालून मी घरी आले. दोन दिवस तो माझ्या साड्यांमागे होता. मनात सारखं एकच. सांगितलं नाही तर दादाची इच्छा पाळली जाते, आणि दादा कायमचा पोरीचा हात घालवणारा राहतो. सांगितलं तर माझी मुलगी जेव्हा जेव्हा केस विंचरायला हात वर करेल, तेव्हा तिला मी दिसेन. खरं सांगते, घाबरले मी. माझं वय छप्पन आहे आणि मी माझ्या पोरीला घाबरले. एकदा वाटलं, तूच तर हे ठरवलं होतंस, मला वाचवायचं. मग कशाला मी ते मोडू? किती सोयीचं होतं बघ. तू मेल्यावरसुद्धा मी तुझ्या मागे लपायला बघत होते.

आज सकाळी मयुरी डबा भरत होती. मी वाडगा आणून ओट्यावर ठेवला. ओटा आधी कोरडा करून. तिनं वाडगा पाहिला, उचलला, बुडावरचं नाव बघितलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, प्रदर्शनापासून तेलाच्या वाटीपर्यंत, काही राखलं नाही. ती डब्याचं झाकण हातात धरून ऐकत होती. मी वाट बघत होते की आता हाताचं काढेल. मेंदीचं काढेल, गेलेली दोन वर्षं काढेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, माझी सवय तुला माहीत आहे. आणि माफीसुद्धा तयार होती.

तिनं हाताचं काढलंच नाही. ती म्हणाली, "त्या बुधवारी मी मामाला बघायला दवाखान्यात निघाले होते, आठवतं? पर्स खांद्याला लावली होती. तू म्हणालीस, गर्दी करू नकोस तिथे."

मी म्हटलं, आठवतं.

"मला त्याला एवढंच सांगायचं होतं, की मामा, माझा राग गेलाय."

मग तिनं डबा भरला, झाकण लावलं आणि कामाला गेली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता दुपारचे तीन वाजलेत. मी इथे बसलेय, वाडगा समोर आहे, आणि मला तुझा भयंकर राग आलाय, दादा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावणार. तिच्या मनात माझ्याविषयी काय येईल, याचा तू विचार केलास. माझा विचार केलास. काच पायाला लागेल याचा विचार केलास. तिला तुझी आठवण येत असेल, हे तुझ्या डोक्यात कसं आलं नाही? बंद दाराआड ती काय करत होती असं वाटलं तुला? रडत होती रे. तू गेटपर्यंत जाईस्तोवर खिडकीच्या पडद्याआडून बघत होती. मला ते दिसायचं आणि मी तिला जेवायला हाक मारायची. तुला वाटलं तू नसलास तरी आमचं घर चालेल, कारण तू काय त्या घरात राहत नाहीस. चाललं का बघ.

माझं चुकलं. हे मी पहिल्यांदाच लिहितेय आणि यापुढे ज्याला ज्याला सांगितलं होतं त्याला त्याला जाऊन सांगणार आहे. सरांना उद्याच. दीर-जावांना येत्या रविवारी, सगळ्यांना एकत्र बसवून. तू सगळ्यांसमोर कबूल झाला होतास ना, मग मीही सगळ्यांसमोरच. त्यानं तुझा बर्नर पेटणार नाही, मयुरीचा तो बुधवार परत येणार नाही. तरी.

पण एक सांग. चहाच्या पातेल्यावरून ज्या माणसानं मला वीस वर्षं सोडलं नाही, त्यानं नेमकं हेच भांडण का सोडलं? त्या संध्याकाळी तो वाडगा आणून माझ्यासमोर ठेवायला हवा होतास तू. सगळ्यांसमोर ठेवायचा होतास. मी रडले असते, बोंबलले असते, तुला नाही नाही ते बोलले असते, तुझं तोंड बघणार नाही म्हणाले असते. आणि दिवाळीत, भाऊबिजेला, मयुरीला घेऊन तुझ्या दारात आले असते.